लाइट येते, पण दोन संगणकांचं नेट येत नाही: आधी नेटवर्कचा नकाशा काढा

लाइट जाते, दहा मिनिटांनी येते. सगळे संगणक सुरू होतात, राउटरचे दिवे हिरवे होतात, आठपैकी सहा जण कामाला लागतात आणि उरलेल्या दोघांना नेट मिळत नाही. त्यांच्याकडून प्रिंट जात नाही. टॅलीचा डेटा ज्या संगणकावर आहे, तोही त्यांना दिसत नाही. मग कोणीतरी उठून सगळं बंद करतं, थोडं थांबून परत चालू करतं आणि नेट येतं. पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा तेच, फक्त या खेपेला बंद पडलेले संगणक दुसरे. हे सगळं महिन्याच्या २० तारखेला, जीएसटीआर-३बी भरायच्या शेवटच्या दिवशी घडलं, की ऑफिसातलं वातावरण काय होतं ते वेगळं सांगायला नको.

कर सल्लागार, वकील, छोटे दवाखाने, क्लासेस अशा ठिकाणांहून ही तक्रार वारंवार येते. तिथलं नेटवर्क कोणी एका दिवसात ठरवून बसवलेलं नसतं, ते गरजेप्रमाणे वाढत गेलेलं असतं. आधी फायबरवाल्याने ओएनटीची डबी लावली, म्हणजे फायबरमधून येणारा प्रकाश घेऊन ऑफिसात नेट वाटणारं यंत्र. माणसं वाढली तसा आठ पोर्टचा स्विच आला, म्हणजे तारा खोचायच्या आठ खाचा असलेली, सगळ्यांना एकमेकांशी जोडणारी डबी. आतल्या केबिनमध्ये रेंज येईना म्हणून कोणीतरी घरी पडून असलेला जुना राउटर आणून जोडला. ज्याने जे लावलं त्याला तेवढं माहीत. पूर्ण चित्र कोणाकडेच नाही, आणि म्हणून दुरुस्तीला येणारा प्रत्येक जण समोर बंद दिसणाऱ्या संगणकापासून सुरुवात करतो. "दादा, तुम्ही आलात की चालतं, गेलात की बंद पडतं," हे रिसेप्शनवरच्या मॅडमचं वाक्य या धंद्यातल्या प्रत्येकाने ऐकलेलं आहे.

यावर लोक नवा राउटर घेतात, विंडोज नव्याने टाकतात, कनेक्शनच बदलतात. पैसे जातात, त्रास तसाच राहतो. माझं स्पष्ट मत आहे: दोष आज या संगणकावर आणि उद्या त्या संगणकावर दिसत असेल, तर संगणकाला हात लावू नका. तो जोडणीतला दोष आहे, आणि जोडणी कागदावर उतरल्याशिवाय दिसत नाही.

कागद घेऊन तारेच्या मागे जा

सुरुवात सॉफ्टवेअरने करू नका. एक कोरा ए-फोर कागद, पेन्सिल आणि मोबाइलचा टॉर्च पुरेसा आहे. भिंतीतून फायबर जिथे आत येते तिथे उभे राहा, कागदाच्या वरच्या टोकाला ढग काढून त्यात 'इंटरनेट' लिहा, आणि तारेबरोबर एकेक पाऊल पुढे चला. जे डोळ्यांनी दिसतं तेवढंच काढायचं. "हा संगणक बहुतेक स्विचला असेल" असं वाटलं तर रेघ ओढायची नाही, टेबलाखाली वाकून बघायचं. अंदाजाने ओढलेली रेघ नंतर खरीच वाटू लागते, आणि दोष नेमका तिच्याच आड लपतो.

तारेला सलग रेघ, वायफायला तुटक रेघ. रेघेच्या दोन्ही टोकांना पोर्टचा क्रमांक. नवशिक्यांच्या डायग्राममध्ये हमखास राहते ती हीच गोष्ट: चौकोन काढतात, रेघ ओढतात, पण रेघ कुठल्या पोर्टात घुसते ते लिहीत नाहीत. आमच्या कामात निम्मे दोष त्या पोर्टाच्या नावातच सापडतात.

भिंतीतून जाणारी तार कुठे निघते ते कळत नसेल, तर सगळ्यांना काम सेव्ह करायला सांगा, तारेचं एक टोक काढा आणि स्विचवरचा कुठला दिवा विझला ते बघा. सापडलेल्या तारेच्या दोन्ही टोकांना कागदी टेप गुंडाळून क्रमांक टाका. पुढच्या वेळी हे काम परत करावं लागत नाही.

एका कर सल्लागारांच्या ऑफिसात हे केल्यावर कागदावर जे आलं, ते असं होतं:

```
फायबर
└─ ओएनटी, दारामागे
   ├─ पोर्ट १ ── स्विच, अकाउंट्सच्या टेबलाखाली
   │   ├─ १ : ओएनटीकडून आलेली तार
   │   ├─ २ : टॅलीचा डेटा असलेला संगणक
   │   ├─ ३ ते ६ : अकाउंट्सचे चार संगणक
   │   ├─ ७ : प्रिंटर
   │   └─ ८ ── केबिनमधला जुना राउटर
   │        ├─ वॅन  : रिकामा
   │        ├─ लॅन २ : स्विचकडून आलेली तार
   │        ├─ लॅन ३ : सरांचा संगणक
   │        └- - वायफाय : लॅपटॉप, फोन
   ├─ पोर्ट २ ── रिसेप्शनचा संगणक
   └- - वायफाय : फोन
```

केबिनमधल्या राउटरच्या ओळी नीट बघा. त्या राउटरला चार पिवळे पोर्ट होते, एक निळा. पिवळे म्हणजे लॅन, आतल्या यंत्रांसाठी. निळा म्हणजे वॅन, बाहेरच्या जगाकडे जाणारं दार. तो रिकामा, आणि स्विचकडून आलेली तार पिवळ्यांपैकी एकात. असं जोडणं मुळात चूक नाही, पुढे आपणही तसंच ठेवणार आहोत. पण त्यामुळे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो कागद बघितल्याशिवाय कोणाला सुचत नाही: या नेटवर्कात प्रत्येक यंत्राला पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, वाटतं कोण?

दुसरा थर: पत्ते

तारांचा नकाशा झाला की त्याच कागदावर वेगळ्या रंगाने पत्ते लिहा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग टाइप करा, एक जागा सोडून तिरकी रेघ (स्लॅश) आणि लगेच ऑल. जी लांबलचक यादी येते तिच्यातल्या चारच गोष्टी हव्या आहेत: आयपीव्हीफोर ॲड्रेस (संगणकाचा स्वतःचा पत्ता), सबनेट मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा), डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचा रस्ता दाखवणाऱ्या यंत्राचा पत्ता) आणि डीएचसीपी सर्व्हर (पत्ते वाटणारं यंत्र). चालू असलेल्या संगणकाच्या आणि बंद पडलेल्या संगणकाच्या, दोन्हींच्या चौकोनाखाली लिहा. हे लाइट जाऊन आल्यावर, दोष समोर असताना करायचं. आधीच सगळं रीस्टार्ट करून टाकलं तर पुरावा गेला.

वरच्या ऑफिसात चालू संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.२३ होता, गेटवे १९२.१६८.१.१, डीएचसीपी सर्व्हरही तोच. बंद संगणकाचा पत्ता १९२.१६८.०.१०३, गेटवे १९२.१६८.०.१, डीएचसीपी सर्व्हरही तोच. तिसरा आकडा वेगळा. एकाच तारेवर, एकाच स्विचवर दोन वेगळी गावं वसली होती.

१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी राखलेले आहेत, तसेच १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे. १९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजात ही वाटणी पक्की झाली, म्हणून जगभरातल्या घराघरांत तेच ते आकडे दिसतात. कोणता राउटर कोणता आकडा घेऊन येतो ते मात्र बनवणाऱ्यावर आहे. कोणाचा १९२.१६८.०.१, कोणाचा १९२.१६८.१.१, जिओफायबरच्या राउटरचा सहसा १९२.१६८.२९.१. तिसरा आकडा बघून पत्ता कोणाच्या हातून आला ते बरेचदा लगेच ओळखता येतं.

आता दोष उलगडतो. ओएनटी पत्ते वाटतो, आणि केबिनमधला जुना राउटरही पत्ते वाटतो, कारण घरी तो तेच काम करत होता आणि ते बंद करायला कोणी सांगितलं नाही. एका गावात दोन तलाठी बसून वेगवेगळ्या नोंदींचे सातबारे देऊ लागले तर जे होईल, तेच इथे होतं. संगणक चालू झाला की "मला पत्ता द्या" अशी हाक सगळ्या नेटवर्कभर जाते, आणि बहुधा ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता तो घेतो. ओएनटीचं उत्तर आधी आलं तर सगळं ठीक. जुन्या राउटरचं आधी आलं, तर गेटवे म्हणून जुन्या राउटरचा पत्ता मिळतो, आणि त्याचं बाहेर जायचं दार रिकामं. नेट नाही. प्रिंटर दुसऱ्या गावात, म्हणून प्रिंट नाही. एक खूण लक्षात ठेवा: असे दोन बंद संगणक एकमेकांना मात्र व्यवस्थित दिसतात. तसं दिसलं तर संशय जवळपास पक्का.

मग रोज का होत नाही? कारण एरवी संगणक उठला की आधीचाच पत्ता पुन्हा मागतो, ओएनटी जागा असतो, तो हो म्हणतो आणि काम चालू राहतं. लाइट जाऊन आल्यावर सगळी यंत्रं एकदम उठतात. ओएनटीला पूर्ण उठायला सहसा वेळ लागतो, साधा जुना राउटर त्याच्या आधी तयार होतो. त्या मधल्या वेळात ज्या संगणकाने हाक मारली त्याला चुकीचा पत्ता मिळतो. कोण नेमका त्या क्षणी हाक मारेल ते दर वेळी वेगळं, म्हणून बंद पडणारे संगणकही वेगळे.

आणि हा चुकीचा पत्ता आपोआप सुटत नाही. पत्ता ठरावीक मुदतीसाठी दिलेला असतो, पुष्कळ राउटरांवर ती एक दिवस असते. अर्धी मुदत झाली की संगणक ज्याने पत्ता दिला त्यालाच विचारतो, "चालू ठेवू का?" जुना राउटर जागाच असतो, तो मुदत वाढवून देतो. म्हणून "थोडा वेळ थांबा, येईल" हा सल्ला इथे उपयोगी पडत नाही. सगळं बंद करून आधी ओएनटी, मग बाकीचं असं चालू केलं की बरं वाटतं, कारण त्या दिवसापुरती ओएनटीला आघाडी मिळते.

दुरुस्ती, आणि तिचा क्रम

आधी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडून ओएनटीमध्ये जा आणि पत्ते वाटायची हद्द आखा: १९२.१६८.१.१०० पासून १९२.१६८.१.१९९ पर्यंत. २ ते ९९ हे आकडे आपल्या हातात राहू द्या, ते पुढे लागतात.

मग केबिनमधल्या राउटरची स्विचकडून आलेली तार काढा. लॅपटॉपचं वायफाय बंद करून तो तारेने राउटरच्या लॅन पोर्टला जोडा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडा. पासवर्ड बदललेला नसेल तर खालच्या स्टिकरवर मिळेल. मेनूमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा, काम तिथेच संपतं. जुन्या राउटरांत तो नसतो. तेव्हा पहिल्यांदा राउटरचा स्वतःचा लॅन पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा. राउटर परत सुरू होईल. नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा आणि मग डीएचसीपी सर्व्हर बंद करा. हा क्रम उलटा केला तर डीएचसीपी बंद झाल्यावर लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही, आणि राउटरमध्ये परत शिरायला हाताने पत्ता टाकत बसावं लागतं. शेवटी स्विचची तार पुन्हा लॅन पोर्टलाच लावा. वॅन रिकामाच राहू द्या, त्यावर टेपचा तुकडा चिकटवा.

"वॅन पोर्ट रिकामा का ठेवायचा, तार तिथे लावली की झालं की," असं बरेच जण सुचवतात. तसं केलं तर केबिनला नेट मिळेल, पण केबिन एका वेगळ्या भिंतीआड जाईल. आतून बाहेरच्या प्रिंटरला पत्ता टाकून प्रिंट देता येईल, पण प्रिंटर आपोआप सापडणार नाही, आणि बाहेरून सरांच्या संगणकावरची फाइल उघडता येणार नाही. ऑफिसात सगळ्यांनी एकमेकांना दिसावं अशीच गरज असते, म्हणून लॅन पोर्ट.

आता तपासणी, आणि ती टाळू नका. कामाची वेळ संपल्यावर ओएनटी मुद्दाम बंद ठेवा. एक संगणक रीस्टार्ट करा, एक लॅपटॉप केबिनच्या वायफायला जोडा, आणि पत्ता बघा. दोन्हींना १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला पाहिजे. पत्ता देणारं कोणीच सापडलं नाही की विंडोज हा पत्ता स्वतःच घेतं, आणि एरवी वाईट बातमी असलेला हा आकडा इथे आपल्याला हवा आहे. त्याऐवजी दुसरा कुठलाही पत्ता आला, तर पत्ते वाटणारं आणखी कोणीतरी ऑफिसात आहे. ते शोधायला कमांड प्रॉम्प्टमध्ये एआरपी, जागा सोडून वजाचं चिन्ह आणि ए असं टाइप करा. त्या चुकीच्या गेटवेसमोर त्याचा मॅक ॲड्रेस, म्हणजे बनवतानाच यंत्राला दिलेला क्रमांक, दिसेल, तो उपकरणांच्या स्टिकरांशी ताडून बघा. पत्ता १९२.१६८.१३७ ने सुरू होत असेल तर राउटर शोधू नका: कुठल्यातरी विंडोज लॅपटॉपवर इंटरनेट शेअरिंग चालू राहिलेलं आहे.

नकाशावर केबिनच्या राउटरशेजारी ठळक लिहा: "रीसेट बटण दाबू नये." रीसेट केल्यावर डीएचसीपी पुन्हा चालू होतो आणि सगळा त्रास पहिल्यापासून सुरू. नीट बसवलेलं नेटवर्क काही महिन्यांनी बिघडतं, त्यामागे बरेचदा हेच बटण असतं.

त्याच कागदावर सापडणारे आणखी दोष

प्रिंटर अधूनमधून 'ऑफलाइन' दाखवत असेल, तर त्याचा पत्ता हाताने टाकलेला आहे का आणि तो वाटपाच्या हद्दीत पडतो का ते बघा. प्रिंटर रात्री बंद असताना तोच आकडा एखाद्या फोनला दिला जातो आणि सकाळी दोघे भांडतात. प्रिंटरला हद्दीबाहेरचा, म्हणजे ९९ च्या आतला पत्ता द्या. टॅलीच्या डेटाच्या संगणकालाही तसंच. ओएनटीमध्ये मॅक ॲड्रेसवरून पत्ता राखून ठेवण्याची सोय असते, तीही चांगली, पण फोनसाठी ती वापरू नका: अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायवर स्वतःचा खरा मॅक ॲड्रेस सहसा दाखवत नाहीत, बनवलेला दाखवतात.

सगळंच एकदम ठप्प झालं आणि स्विचचे सगळे दिवे एका तालात वेड्यासारखे लुकलुकत असतील, तर नकाशावर वर्तुळ शोधा. कोणीतरी झाडलोट करताना लोंबकळणारी पॅचकॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी तार) बघून तिचं मोकळं टोक त्याच स्विचच्या रिकाम्या पोर्टात खोचलेलं असतं. निरोप गोल गोल फिरत राहतात आणि नेटवर्क गुदमरतं. हे टाळण्याची पद्धत रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधली, ती स्पॅनिंग ट्री म्हणून ओळखली जाते, पण ऑफिसात येणाऱ्या स्वस्त स्विचांत ती सहसा नसते. तिथे आपले डोळे आणि आपला कागद.

एखादा संगणक बाकीच्यांपेक्षा हळू असेल तर त्याचा लिंक स्पीड, म्हणजे त्याच्या तारेवर ठरलेला वेग, नकाशावर लिहा. गिगाबिटला तारेच्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोन पुरतात. बाकी सगळे १००० वर आणि एकटाच १०० वर दिसला, तर बहुधा एखादी जोडी तुटली आहे किंवा क्रिंपिंग, म्हणजे टोकाच्या कनेक्टरची दाबून केलेली जोडणी, सैल आहे. टोक कापून नवा कनेक्टर लावा.

पक्की प्रत

पेन्सिलीचा कागद खरा ठरला की मग ड्रॉ डॉट आयओवर पक्की प्रत करा. ते मोफत आहे आणि राउटर, स्विच, ढग यांची ठरलेली चिन्हं त्यात तयार मिळतात. मोठ्या ऑफिसात तारांचा एक कागद आणि पत्त्यांचा दुसरा असे दोन ठेवलेले बरे, कारण एकाच पानावर सगळं कोंबलं की कोणी वाचत नाही. आठ-दहा उपकरणांना एक पान पुरतं. तारीख टाका. पासवर्ड त्यावर लिहू नका, तो वहीत वेगळा. एक प्रिंट ओएनटीशेजारच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, म्हणजे फायबरवाला आला की त्याच्या हाताशी असेल, आणि कोणी नवीन तार लावली की तिथेच पेनाने रेघ वाढवता येईल.

घरी हेच काम फार छोटं आहे: ओएनटी, आतल्या खोलीतला दुसरा राउटर, टीव्ही, एखादा कॅमेरा. शिकायचं असेल तर सुरुवात घरूनच करा. दुसऱ्या खोलीत गेल्यावर टीव्हीला फोनवरचा व्हिडिओ पाठवता येत नसेल, तर दोन्हींचे पत्ते लिहा. तिसरा आकडा वेगळा निघण्याची शक्यता बरीच आहे.

एवढं करूनही लाइट आल्यावर नेट गेलं, तर ते एकाचं गेलं की सगळ्यांचं ते आधी बघा. सगळ्यांचं गेलं असेल आणि ओएनटीवर लॉसचा लाल दिवा लागलेला असेल, तर प्रकाश आतपर्यंत पोहोचतच नाही. फायबर कुठे दुमडली नाही ना एवढं बघून फायबरवाल्याला बोलवा, आणि फोनवरच सांगा की लॉसचा दिवा लाल आहे, आत सगळं तपासलेलं आहे. एकाचंच गेलं असेल, तर त्याचे चार आकडे पुन्हा काढा आणि कपाटाच्या दारावरच्या कागदाशी ताडून बघा.